कंपनी विकली, करार कुणाचा?

गेल्या सत्रात परकीय गुंतवणुकीवरील तास चालू होता. भांडवल येते, तंत्रज्ञान येते, रोजगार वाढतो, निर्यात वाढते, अशी ठरावीक मुद्यांची यादी फळ्यावर लिहून झाली होती. एवढ्यात मागील बाकावरचा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. ‘‘सर, कंपनी विकली गेली तर युनियनबरोबर झालेला करारही विकला जातो का?’’ असे त्याने विचारले. त्याचे वडील सुट्या भागांच्या एका लहानशा कारखान्यात वीस वर्षे काम करीत होते. परदेशी भागीदार आला, कारखान्याच्या फाटकावरची पाटी बदलली, आणि वडिलांच्या हाती नवे नेमणूकपत्र पडले. त्या पत्रावर नोकरीचा प्रारंभ म्हणून त्याच वर्षाची तारीख होती. माणूस तोच, यंत्र तेच. परंतु वीस वर्षांची सेवा मात्र एका सहीने पुसली गेली.

मी त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

काळेवाडीसारख्या वस्तीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पवनेपलीकडे पिंपरी, पुढे आकुर्डी, भोसरी, चाकण, तळेगाव. या साऱ्या पट्ट्यात देशी-विदेशी भागीदारीचे कारखाने पसरलेले आहेत, आणि त्यांत घाम गाळणारी माणसे आपल्या शेजारीच राहतात. तथापि या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ ऊहापोह एखाद्या यंत्रचालकाने नव्हे, तर विमानाच्या वैमानिकांनी केलेला आहे, असे म्हटल्यास वाचकांना नवल वाटेल. लाखाच्या घरात पगार घेणाऱ्या वैमानिकाचे आणि पाळीच्या भोंग्यावर धावणाऱ्या कामगाराचे दुःख एक कसे, अशी शंका रास्त आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता दोघांपुढील कोडे एकच आहे.

दोन देशांतील विमान कंपन्या जेव्हा संयुक्त व्यवहाराचा करार करतात, तेव्हा एखाद्या मार्गावरील उत्पन्न त्या एकत्र करतात आणि ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतात. समजा, एका उड्डाणातून शंभर रुपये मिळाले. ते उड्डाण कोणत्या कंपनीच्या विमानाने केले, यावर वाटणी अवलंबून राहत नाही. अर्थात विमान कोणाचे, याविषयी मालक उदासीन होतो. वैमानिकाला मात्र ही उदासीनता परवडत नाही. विमान भागीदाराचे उडाले तर मालकाचा वाटा कायम राहतो, पण वैमानिकाचे काम जाते, आणि त्यामागोमाग त्याची बढतीही जाते.

अमेरिकेतील वैमानिक संघटनांनी यावर एक उपाय काढला. कंपनीच्या नावाने चालणारे कोणते काम कोणी करावयाचे, याची मर्यादा ठरविणारे कलम त्यांनी सामूहिक करारातच घालून घेतले. डेल्टा कंपनीने २००९ साली एअर फ्रान्स-केएलएमशी अटलांटिकवरील संयुक्त व्यवहार सुरू केला, तेव्हा त्या वाहतुकीतील सुमारे निम्मा वाटा डेल्टाच्या विमानांनी उचलला पाहिजे, असे बंधन वैमानिकांच्या करारात होते. पुढे हे प्रमाण घसरताच वैमानिकांनी रीतसर तक्रार गुदरली. त्यांनी वाढीव पगार मागितला नव्हता. कामाचा ठरलेला वाटा मागितला होता. हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

आपल्याकडील चित्र निराळे आहे. २०१२ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत भांडवल गुंतविण्यास परवानगी दिली. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजमध्ये अबू धाबीच्या एतिहादने २४ टक्के हिस्सा घेतला. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे उड्डाण थांबले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला. मधल्या साडेपाच वर्षांत हजारो कर्मचारी आपल्या देण्यांसाठी न्यायाधिकरणांचे उंबरठे झिजवीत होते. भागीदारी जुळली तेव्हा भांडवलाच्या संरक्षणाची कलमे बारकाईने लिहिली जातात. श्रमाच्या संरक्षणाचे कलम लिहावयास कोणी बसत नाही.

टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांच्या ‘विस्तारा’चा अनुभव अधिक बोलका आहे. ९ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या या कंपनीत टाटांचे ५१ आणि सिंगापूरचे ४९ टक्के भांडवल होते. तिचे एअर इंडियात विलीनीकरण ठरले आणि त्याच ओघात वैमानिकांपुढे नवी वेतनरचना आली. महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाइतके खात्रीचे वेतन ४० तासांवर आले. एप्रिल २०२४ च्या आरंभी वैमानिक मोठ्या संख्येने रजेवर गेले, उड्डाणे रद्द झाली, आणि कंपनीला आपले वेळापत्रक सुमारे दहा टक्क्यांनी कमी करावे लागले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विलीनीकरण पूर्ण झाले; सिंगापूर एअरलाइन्सला नव्या एअर इंडियात २५.१ टक्के हिस्सा मिळाला. या विलीनीकरणाला स्पर्धा आयोगाची संमती लागली, नागरी विमान वाहतूक खात्याची लागली. परंतु सेवाज्येष्ठता कोणत्या यादीने मोजावयाची, हा प्रश्न कोणत्याही परवानगीच्या अर्जात विचारला जात नाही.

येथे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर पाहिले पाहिजे. ते असे, की कंपनी ‘विकली’ म्हणजे नेमके काय विकले, यावर सारे अवलंबून आहे. भागभांडवल विकले गेले तर मालक बदलतो, पण कायद्याच्या लेखी कंपनी तीच राहते. म्हणून नोकरीही तीच राहते. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली ती अशी. शिवाय एक वर्षभर कोणालाही कमी करावयाचे नाही, अशी अट सरकारने विक्रीतच घातली होती. चालू उद्योग जसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती गेला, तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५ एफएफ लागू होत असे: सेवा अखंड धरावी, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसाव्यात, अन्यथा नुकसानभरपाई द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली; हे तत्त्व तिच्यातही ठेवलेले आहे.

परंतु तिसराही एक मार्ग असतो, तो म्हणजे केवळ जमीन, इमारत आणि यंत्रे विकण्याचा. आपल्या तळेगावचे उदाहरण यासंदर्भात विसरता येत नाही. जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबविले. त्याआधी जानेवारीत चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी विक्रीची बोलणी ठरली होती; शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर निर्बंध आल्यानंतर सरकारी मंजुऱ्या रखडल्या आणि २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने मालमत्ता खरेदीचा करार केला. करारात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रसामग्री होती. हजाराहून अधिक कामगार मात्र करारात नव्हते. ‘कारखाना घेता तर आम्हांलाही घ्या’ अशी मागणी करीत ते उपोषणाला बसले. यंत्र खरेदीदाराकडे गेले, ते चालविणारा हात रस्त्यावर राहिला.

आता दुसरी बाजूही मांडणे आवश्यक आहे. अशा संरक्षक कलमांनी गुंतवणूकदार बिचकतो, तो दुसऱ्या राज्यात वा दुसऱ्या देशात जातो, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. बुडत्या कारखान्याला खरेदीदार मिळणे, हे तो बंद पडण्यापेक्षा केव्हाही बरे. याहून गंभीर आक्षेप असा, की संरक्षणाची भिंत कधी कधी मालकाविरुद्ध नव्हे, तर शेजारच्या श्रमिकाविरुद्धच उभी राहते. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. २०१२ च्या मे-जुलैत पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर होते. नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना देऊ नये, हे त्या संपाचे मुख्य कारण होते. आपली बढती मागे पडेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण संप झाला तो सहकाऱ्याच्या संधीविरुद्ध. अखेर सुमारे शंभर वैमानिकांची बडतर्फी आणि संघटनेची मान्यता जाणे, एवढेच पदरी पडले.

आपल्या औद्योगिक पट्ट्यातही हा धोका आहेच. कायम कामगारांचा करार जितका भक्कम, तितकी कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांची संख्या फुगत जाते. मूठभरांना कवच आणि बाकीच्यांना उघडे आभाळ, अशा संरक्षणाला फार काळ नैतिक बळ लाभत नाही. संघटना ज्यांना आपले मानीत नाही, तीच माणसे उद्या तिच्या करारातील कमकुवत दुवा ठरतात.

म्हणून संरक्षण नको असे नव्हे, ते योग्य ठिकाणी हवे. प्रस्तुत लेखकाच्या मते तीन गोष्टी साध्य होण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक सामूहिक करारात वारसा-कलम असावे: मालकी कोणत्याही मार्गाने बदलो, अगदी केवळ यंत्रे आणि जमीन विकली जावो, त्याच जागी उत्पादन पुन्हा सुरू झाल्यास जुन्या कामगारांना प्रथम बोलावणे यावे आणि त्यांची सेवा अखंड मोजावी. दुसरी, परकीय भागीदारीला वा विलीनीकरणाला सरकारी संमती देताना सेवाज्येष्ठता, निवृत्तिलाभ आणि थकीत देणी यांचे विवरण अर्जाचा भाग असावे. स्पर्धेचा विचार करणारा आयोग आहे, तर श्रमाचा विचार करणारा निदान एक रकाना तरी असावा. तिसरी, या कलमांचा लाभ त्याच जागी काही वर्षे राबलेल्या कंत्राटी कामगारालाही मिळावा. अशा अटींनी विक्रीची किंमत थोडी कमी होईल, हे मान्य. परंतु आज ती किंमत वाढते ती कामगाराच्या सेवावर्षांवर पाणी सोडून, हेही मान्य केले पाहिजे. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला, तर ही सवलत कोण कोणाला देतो आहे, हे स्पष्ट होईल.

वैमानिकांचा वाद आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाने चार वर्षांच्या सेवेनंतर कमांडरला व्यवस्थापनाच्या श्रेणीत नेण्याची योजना आणली, तेव्हा संघटनांनी तीत धोका पाहिला. कारण व्यवस्थापकाला सामूहिक कराराचे छत्र नसते. पद उंचावले की हक्क आक्रसतात, हा अनुभव कारखान्यातील ‘सुपरवायझर’लाही नवा नाही. बढतीच्या पत्रावर सही करताना आपण काय सोडतो आहोत, याची विचारपूस शिक्षकांनी आणि कारकुनांनीही करावयास हवी.

त्या विद्यार्थ्याला पुढील तासाला माझे उत्तर असे राहील: वडिलांचे जुने नेमणूकपत्र, जुन्या पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक प्रथम जपून ठेव. त्यांच्या कारखान्यात भाग विकले गेले, उद्योग विकला गेला, की नुसती यंत्रे, हे शोधून काढ. वीस वर्षे पुसली गेली असे आपण म्हणतो खरे. पण ती कोणी, कोणत्या कागदाने आणि कोणत्या अधिकाराने पुसली, हे अजून कोणी विचारलेलेच नाही.