रंग सोडा, पाठ मोजा

काचेपलीकडचा बिचिर मासा दुधासारखा पांढरा, डोळे लालबुंद. जात रंगावरून ठरवायला जाऊ नका. रंगद्रव्य नसलेलं पिल्लू वेगवेगळ्या जातींत निपजतं. आधी जबडा पाहा. खालचा पुढे आलेला असेल, तर तो एंडलिचेरी किंवा नाईलमधला मूळ बिचिर यांच्या गोतातला. नसेल तर सेनेगलस, डेल्हेझी आणि त्यांचे भाऊबंद. मासा हवेचा घोट घ्यायला वर येतो, तेव्हा पाठीवरचे सुटे छोटे पर मोजा. प्रत्येकाच्या पुढे एक काटा, म्हणून मोजणं जमतं. सेनेगलसला 8 ते 11, डेल्हेझीला 10 ते 13. आकडा 10 किंवा 11 आला तर? मग धीर धरायचा, स्वच्छ फोटो काढायचा आणि कुशीवरच्या रेषेतले चकचकीत, चौकोनी खवले एकेक मोजायचे. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.