चौदाशे कोयनांचा बर्फ

कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात १०५ टीएमसी पाणी मावतं. अशी भरलेली चौदाशे धरणं डोळ्यांसमोर आणा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, पातागोनियात, जी दोन हिमक्षेत्रं पसरली आहेत त्यांतला सगळा बर्फ वितळला तर साधारण एवढं पाणी होईल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार हा बर्फ सुमारे ४,७५० घन किलोमीटर आहे. युरोपातल्या आल्प्समधल्या बर्फाच्या चाळीसपट! काही जागी त्याची जाडी १,४०० मीटरच्याही वर जाते.

दोघांतलं दक्षिणेकडचं हिमक्षेत्र मोठं: ३५० किलोमीटर लांब आणि १२,००० चौरस किलोमीटरहून अधिक. साहसी सहलीला जाणारे बहुतेक जण त्याच्या फक्त कडेने फिरतात. इंग्रज गिर्यारोहक एरिक शिप्टन आणि त्याचे तीन साथीदार १९६०-६१ च्या उन्हाळ्यात ते उत्तर-दक्षिण चालून गेले, तेव्हा त्यांना ५२ दिवस लागले. फिट्झ रॉय शिखराच्या दक्षिणेला तर चिली आणि अर्जेंटिना यांची सीमा सुमारे ५० किलोमीटर अजून आखलेलीच नाही. १९९८ च्या करारातही तेवढा पट्टा तसाच राहिला.

हा बर्फ आहे सुमारे ५० अंश दक्षिण अक्षांशावर. उत्तर गोलार्धात एवढ्याच अक्षांशावर पॅरिस आणि लंडन आहेत, आणि इथे मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवरच्या तळ्यात हिमनद्या उतरतात. हे सगळं पश्चिमेच्या वाऱ्यामुळे. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. हजारो किलोमीटर समुद्रावरून ओलावा गोळा करत तो येतो आणि अँडीजवर आदळतो. पश्चिम उतारांवर वर्षाला कित्येक मीटर पाऊस आणि हिम पडतं, तर पूर्वेला थोड्याच अंतरावर एल कालाफाते गावाभोवती कोरडं, खुरट्या झुडपांचं माळरान आहे.

म्हणून सहलीचा आराखडा करताना नकाशावरचे किलोमीटर आधी मोजू नयेत, वारा मोजावा. तो सर्वांत जोरात वाहतो तो नेमका उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत. दिवस सोळा तासांचा असतो हे खरं, पण ताशी १०० किलोमीटरचे झोत नवलाचे नाहीत, आणि अशा झोतात पाठीवरच्या पिशवीसकट माणूस पायवाटेवरून बाजूला ढकलला जातो. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे हिवाळा सुरू होत असतो. दिवाळी जोडून नोव्हेंबरात जाता येतं, मात्र वरच्या खिंडींत तेव्हा बर्फ असू शकतो.

फिट्झ रॉयची उंची ३,४०५ मीटर. हिमालयाच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण माथ्यावर पहिली माणसं पोचली ती १९५२ मध्ये, लिओनेल तेरे आणि ग्विदो मान्योन. त्याच्या पायथ्याचं एल चाल्तेन हे गाव १९८५ साली, सीमेवरचा हक्क पक्का करायला अर्जेंटिनाने वसवलं. गावातून शिखराखालच्या तळ्यापर्यंत जाऊन परत यायला वीस किलोमीटरहून थोडं जास्त चालावं लागतं; शेवटच्या एका किलोमीटरात ४०० मीटरची चढण. मुंबई ते ब्वेनोस आइरेस सरळ रेषेत सुमारे १५,००० किलोमीटर, तिथून एल कालाफाते आणखी २,०००. एवढं येऊन त्या तळ्याशी ढगांखेरीज काही न दिसणं अगदी शक्य आहे. माझं ठाम मत असं, की चाल्तेनला किमान पाच रात्री द्याव्यात आणि त्यांतले दोन दिवस कोरे ठेवावेत. त्यासाठी दुसऱ्या देशातलं एखादं ठिकाण गाळावं लागलं तरी चालेल.

पेरितो मोरेनो हिमनदी गाळू नये. तिची पाण्यातली कड पाच किलोमीटर रुंद आणि साठेक मीटर उंच. मधला बर्फ दिवसाला दोन मीटरपर्यंत पुढे येतो, म्हणजे तासाला आठ सेंटिमीटर. समोरच्या सज्ज्यावर दोन तास उभं राहिलात तर तेवढ्या वेळात तो पाऊण वीत सरकलेला असू शकतो. गेल्या शतकात जवळपास जागच्या जागी टिकलेली ही हिमनदी २०१९ नंतर मागे हटू लागली आहे. चिलीतली होर्हे माँट १८९८ पासून सुमारे वीस किलोमीटर आत गेली. जायचंच असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नये असं मला मनापासून वाटतं.

चिलीच्या बाजूच्या तोरेस देल पाइने उद्यानात ‘डब्ल्यू’ ही वाट ८० किलोमीटरची, पूर्ण फेरी सुमारे १३० ची. मुक्काम काही महिने आधी आरक्षित करावे लागतात, वाटेत कुठेही तंबू ठोकता येत नाही, शेकोटीला पूर्ण बंदी. २००५ मध्ये एका पर्यटकाचा स्टोव्ह कलंडला आणि सुमारे १५० चौरस किलोमीटर रान जळालं. २०११-१२ च्या आगीत १७० हून जास्त गेलं. जळालेलं, लेंगा नावाच्या झाडांचं जंगल आपोआप सहज उगवत नाही, रोपं हाताने लावावी लागतात. स्टोव्ह नेणार असाल तर तो ठरवून दिलेल्या निवाऱ्यातच पेटवा, बाहेर वारा पडला असला तरी.