एक छप्पर, दोन वेदी

जर्मनीच्या पूर्व टोकाला बाउत्सेन नावाचे जुने शहर आहे. तिथल्या सेंट पीटर कॅथेड्रलमध्ये कॅथलिकांची मिस्सा होते आणि लुथरपंथीयांची उपासनाही होते. १५२४पासून दोघे एकाच छपराखाली आहेत. वेदीकडचा भाग कॅथलिकांचा, लोकांनी बसायचा लांब भाग लुथरपंथीयांचा. ऑर्गनही दोन, ज्याचा त्याचा.

हा शेजार प्रेमातून जन्मलेला नाही. नगरपालिका नव्या पंथाकडे गेली, कॅथेड्रलचे धर्ममंडळ जुन्यालाच धरून राहिले आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला बाहेर काढता येईना. म्हणून करार झाले. मध्ये पुरुषभर उंचीपेक्षाही मोठे लोखंडी जाळीचे कुंपण उभे राहिले. विसाव्या शतकात त्याची उंची उतरवून कमरेपर्यंत आणली गेली. कुंपण उतरले तरी वाटणी मात्र तशीच राहिली.

आज युरोपात ओस पडू लागलेल्या चर्चचे काय करायचे, हा प्रश्न बहुधा वास्तुविशारदाकडे नेला जातो. बाउत्सेन सांगते, की तो आधी करारनाम्याचा प्रश्न आहे.

सभामंडप कोणाचा?

ओस पडू लागलेल्या चर्चमध्ये कॉफी विकली की काहींना पावित्र्यभंग वाटतो. पण मध्ययुगीन इंग्लंडमधल्या गावचर्चची व्यवस्था पाहा. वेदीकडच्या भागाची डागडुजी धर्माधिकाऱ्याच्या अंगावर, तर लोक जिथे जमत त्या भागाची गावावर. गाभारा पुजाऱ्याचा आणि सभामंडप गावाचा, असाच हा हिशेब होता. त्या सभामंडपात बराच काळ पक्की बाकेही नव्हती. ती सर्रास दिसू लागली पंधराव्या शतकात. चर्चच्या खर्चासाठी गावकरी बिअर गाळून विकत आणि जेवणावळी घालत. एका दिशेला तोंड करून मांडलेल्या बाकांच्या गच्च रांगा हे आपल्या डोळ्यांपुढचे चित्र बरेचसे एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारांनी घडवलेले आहे.

कायद्याने उघडलेली दारे

चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे सोळा हजार चर्च आहेत आणि त्यांतली तीन चतुर्थांशांहून अधिक वारसा-यादीत आहेत. १९६९मध्ये ब्रिटिश संसदेने चर्च इमारतींच्या सामायिक वापराचा कायदा केला. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांना लेखी कराराने एक इमारत वापरता येऊ लागली. मालकी एकाची असो वा सामाईक, उपासना एकत्र असो वा आपापली. पुढल्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तिथे सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन एकच संस्था केली. ब्रिटिश कायद्याने पंथ वेगळे ठेवून छप्पर एक केले. नागपुरात पंथांनीच आपले वेगळेपण सोडले.

चर्च ऑफ इंग्लंडच्या स्वतःच्या कायद्यात २००६मध्ये झालेल्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडले. चर्चचा काही भाग रीतसर भाड्याने देता येऊ लागला. मुख्य अट अशी, की इमारतीचा मुख्य वापर उपासनेचाच राहिला पाहिजे.

कॉफी आणि व्यायामशाळा

हेरफर्डच्या ऑल सेंट्समध्ये १९९७पासून उपाहारगृह चालते, आणि उपासनाही. बसायला वरच्या अंगाला माळा काढला, तेव्हा एक गंमत झाली. छताच्या लाकडात मध्ययुगीन सुताराने कोरलेला एक निर्लज्ज उघडा पुरुष शतकानुशतके खालून कोणाला नीट दिसत नव्हता; तो आता खाणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात आला!

पूर्व लंडनमधल्या बो भागातले सेंट पॉल्स १८७८चे. धोकादायक ठरून ते १९९१मध्ये बंद झाले आणि २००४मध्ये पुन्हा उघडले. आतल्या उंच पोकळीत खांबांवर तोललेली एक मोठी लाकडी पेटी बसवली आहे. पेटीत व्यायामशाळा, कलादालन आणि सभेच्या जागा; खाली उपासना.

अशा कामांत खरा घाम निघतो तो अगदी साध्या गोष्टींपायी. जुन्या चर्चला शौचालय नसते, आणि मलवाहिनी न्यायची तर वाटेत थडगी. म्हणजे आधी पुरातत्त्वज्ञ, मग गवंडी. ऊब उंच छताकडे निघून जाते. म्हणून जमिनीखालून तापवणे किंवा आत लहान बंदिस्त खोल्या बांधणे, हे मार्ग. साधे बाक हलवायचे तरी चर्चच्याच न्यायालयाची परवानगी लागते. डफील्डच्या चर्चच्या खटल्यात या न्यायालयाने तपासणीचे प्रश्न घालून दिले: बदलाने इमारतीच्या महत्त्वाला बाधा येते का? किती? बदलाची गरज पटते का? आणि लोकांना होणारा लाभ त्या बाधेपेक्षा जड आहे का?

हे प्रश्न चांगले आहेत, पण ते बदल करण्यापुरते. पुढची रोजची भांडणे वेगळी असतात. रविवारच्या उपासनेआधी खुर्च्या कोणी लावायच्या, अंत्यविधी अचानक आला तर व्यायामाचा वर्ग कोणी रद्द करायचा, छप्पर गळले तर पैसे कोणाचे. कॉफीच्या दुकानाच्या भाड्यावर रोजचा खर्च भागतो. शिशाचे छप्पर त्यावर होत नाही. आराखडा मंजूर होण्याआधी हे सगळे ज्यांनी कागदावर उतरवले, त्यांच्या चर्चला पुढची पिढी मिळण्याची शक्यता जास्त. एकमेकांचा धर्म पटलेला नसतानाही बाउत्सेनच्या लोकांनी तेच केले होते.