आंबट लिंबाची गोड गोष्ट

दोस्तांनो, करंजी तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर खुसखुशीत पारी, आत गोड सारण. आता अशी कल्पना करा, की ही करंजी मिटलीच नाही. पारी थाळीसारखी पसरट आणि उघडीच ठेवली, आधी छान भाजून घेतली आणि मग तिच्यात पिवळंधमक, आंबटगोड सारण ओतलं. झाला लिंबाचा टार्ट!

हा पदार्थ मूळचा तिकडचा, फ्रान्स-इंग्लंडमधला. फ्रान्सच्या दक्षिणेला, इटलीच्या हद्दीला लागून, समुद्रकाठी मांतों नावाचं गाव आहे. लिंबांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९३४ पासून तिथे लिंबांचा उत्सव भरतो आणि लिंबं-संत्री रचून मोठमोठ्या आकृत्या उभ्या करतात. इंग्लंडमध्ये टार्टच्या सारणाला ‘लेमन कर्ड’ म्हणतात. नाव ऐकून फसू नका हं, त्यात दही अजिबात नसतं!

तिकडचं लिंबू मोठं, जाड सालीचं आणि टोकाला बोंड असलेलं. आपलं कागदी लिंबू लहान आणि पातळ सालीचं. मग आपल्या लिंबाचा टार्ट होईल का? होईल की! ही दोन्ही लिंबं नात्यातलीच आहेत. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीच्या हातात एक फळ आहे, म्हाळुंग. या म्हाळुंगाचा आणि कडू संत्र्याचा संकर होऊन तिकडचं लिंबू झालं. आणि म्हाळुंगाचाच दुसऱ्या एका रानटी लिंबूवर्गीय झाडाशी संकर होऊन आपलं कागदी लिंबू झालं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. म्हणजे बाप एक, आया दोन!

आता मुद्द्याचं. वर्गात एखादी कृती सांगितली, की मुलं हमखास विचारतात, “बाई, हे पाठ करायचं का?” नाही, पाठ करायचं नाही. प्रत्येक पायरीला ‘का?’ असं विचारायचं. ‘का’ कळलं की ओव्हन नसला तरी अडत नाही, अंडी चालत नसली तरी अडत नाही. नुसतं पाठ केलेलं मात्र एक वस्तू बदलली की कोलमडतं. आणि मुलग्यांनो, पान उलटू नका! हे तुमच्यासाठीही आहे.

साहित्य (८ इंची थाळीसाठी)

पारी: मैदा १५० ग्रॅम, थंडगार लोणी ७५ ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, चिमूटभर मीठ, बर्फाचं पाणी २ मोठे चमचे.

सारण: अंडी ३, साखर १५० ग्रॅम, लिंबाचा रस १०० मिलिलिटर (रसदार कागदी लिंबं ५-६), दोन लिंबांच्या सालीचा कीस, लोणी ७५ ग्रॅम.

पारीची गोष्ट

मैदा, मीठ, पिठीसाखर एकत्र करा. त्यात लोण्याचे तुकडे घालून बोटांच्या टोकांनी हलकेच चोळा. रव्यासारखं दिसू लागलं की थांबा. हे ओळखीचं वाटतंय ना? शंकरपाळ्यांच्या पिठाला आई मोहन घालते, तेच हे!

मोहन का घालायचं? मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं आणि वर मळणं झालं, की त्यांची चिवट जाळी तयार होते. पोळीला ती हवीच, नाहीतर पोळी लाटताना फाटेल. पण टार्टची पारी खुसखुशीत हवी. लोणी पिठाच्या कणांभोवती पांघरूण घालतं आणि पाण्याला सहज आत शिरू देत नाही. लोणी थंड का, तेही आता ओळखा पाहू! वितळलं तर ते पिठात मुरून जातं आणि पारी तेलकट होते.

पाणी शिंपडून गोळा फक्त एकत्र आणा, मळू नका. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग लाटून, लोण्याचा हात लावलेल्या कडेच्या थाळीत बसवा. ढोकळ्याची थाळीही चालते. बुडाला काट्याने टोचे मारा. वर बेकिंगचा कागद घालून त्यावर कच्चा राजमा किंवा छोले पसरा. का? पारीतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पारीला पुरीसारखी फुगवू पाहते. राजम्याच्या वजनाने पारी जागेवर बसून राहते.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापवून १५ मिनिटं भाजा. मग कागद आणि राजमा काढून आणखी १०-१२ मिनिटं, पारी बिस्किटाच्या रंगाची होईपर्यंत भाजा. (तो राजमा आता शिजवून खायचा नाही, पुढच्या टार्टसाठी बरणीत ठेवा.)

ओव्हन नाही? जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात इंचभर जाड मीठ पसरा, वर छोटी घडवंची ठेवा, झाकण लावून मध्यम आंचेवर १० मिनिटं तापवा आणि थाळी आत ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल, वरून रंगही कमी येईल. पण ओव्हन तरी काय करतो? चारी बाजूंनी कोरडी उष्णता देतो. तेच काम हे पातेलं करतं.

सारणाची गोष्ट

आधी साल किसा, मगच लिंबू कापा. कापलेलं लिंबू किसता येत नाही. फक्त वरचा रंगीत थर घ्या. पांढरा भाग कडू असतो. टार्टचा खरा वास रसात नसून या सालीतल्या तेलात असतो. एक गंमत करून पाहा: फुगवलेल्या फुग्यावर लिंबाची साल पिळा. बहुतेक वेळा फुगा फट्‌कन फुटतो! सालीतलं तेल रबराला विरघळवतं. (तेल डोळ्यांत उडू देऊ नका.)

स्टीलच्या भांड्यात अंडी, साखर, रस आणि कीस एकत्र फेटा. बिनकल्हईचं पितळ किंवा ॲल्युमिनियम नको. आंबट रस त्या धातूंवर परिणाम करतो आणि चव बिघडते. हे भांडं मंद उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका. आता सतत ढवळत राहा, १०-१२ मिनिटं तरी.

इथे खरी परीक्षा असते. अंड्यातली प्रथिनं साधारण ६० अंशांपुढे घट्ट होऊ लागतात. साखरेमुळे ती जरा उशिरा आवळतात, म्हणून आपल्याला थोडी सवड मिळते. पण घाई करून भांडं थेट मोठ्या आंचेवर ठेवलंत, तर प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळतात, पाणी सोडतात आणि होते... लिंबाची भुर्जी! ती परत मऊ करता येत नाही. म्हणून खाली वाफ आणि हातात धीर हवा.

चमच्याच्या पाठीवर सारणाचा थर बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की भांडं उतरवा. सारण गाळून घ्या, गरम असतानाच लोण्याचे तुकडे घालून ढवळा आणि गार झालेल्या पारीत ओता. दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर सुरीने कापता येईल.

घरी अंडी चालत नसतील तर?

अंडी इथे घट्टपणा आणतात. तेच काम कॉर्नफ्लॉवरला द्या. ४० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर आणि १५० ग्रॅम साखर २५० मिलिलिटर पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि ढवळत उकळी आणा. चकचकीत, घट्ट झालं की दोन मिनिटं शिजवून उतरवा. मगच ७५ मिलिलिटर रस, कीस आणि ४० ग्रॅम लोणी घाला. रस शेवटी का? आंबटाबरोबर पिष्ट उकळत राहिलं, तर त्याचे लांब धागे तुटतात आणि सारण पुन्हा पातळ होतं.

पालकांसाठी दोन शब्द

गॅस पेटवणं, तापलेली थाळी उचलणं, गरम सारण गाळणं ही कामं मोठ्यांनी करावीत. मोजणं, चोळणं, किसणं, ढवळणं मात्र मुलांकडे राहू द्या. चौथी-पाचवीच्या मुलाला ‘हेच साहित्य निम्म्या टार्टसाठी किती लागेल?’ असं विचारून पाहा. तीन अंड्यांचं निम्मं करताना अपूर्णांकाची चांगलीच ओळख होईल! पारीची कड वेडीवाकडी झाली तरी ‘आण इकडे, मी करते’ असं म्हणू नका. ती वेडीवाकडी कड त्याची स्वतःची असते.

टार्ट फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. तसा तो उरणार नाहीच म्हणा!

आता तुमच्यासाठी एक ‘का’ राखून ठेवलाय. टार्ट कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतली तर तुकडा सुबक निघतो. का बरं? सारणात काय काय घातलं होतं, ते आठवा आणि उत्तर वहीत लिहा.