रस्ता तिघांचा, करार दोघांचा

सरकारजवळ पैसा नसला म्हणजे रस्ता खासगी कंपनीने बांधायचा, खर्च टोलमधून वसूल करायचा आणि मुदत संपल्यावर रस्ता परत करायचा, ही ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धत होय. वरवर पाहता यात सर्वांचेच हित दिसते. कोल्हापूरचा अनुभव मात्र निराळा आहे.

शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी २००८ मध्ये करार झाला. वसुलीची मुदत होती ३० वर्षे! महानगरपालिकेला पदरचा पैसा न घालता रस्ते हवे होते, कंपनीला गुंतवणुकीची हमी हवी होती. दोन्ही अपेक्षा रास्तच. परंतु टेम्पोतून शहरात भाजी आणणारा शेतकरी टोल भरणार होता. त्याची सही करारावर नव्हती.

परिणामी एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. २०१३ मध्ये सुरू झालेली वसुली रद्द करण्याचा निर्णय डिसेंबर २०१५ मध्ये झाला. कंपनीच्या भरपाईचा भार शासनाच्या तिजोरीवर, म्हणजे फिरून जनतेवरच आला.

तेव्हा समतोल साधायचा तो सहीपूर्वी. टोलचा दर, मुदत, सवलती आणि वाहनांचा अंदाज आधी लोकांपुढे मांडावा, हरकती ऐकाव्यात. ज्याच्या खिशातून पैसा जाणार, त्याला करार वाचता आला पाहिजे. नाहीतर भागीदारी कसली?