मंदीतला लहान धंदा आणि त्याची अडकलेली बाकी

कामगार संघटनेच्या माणसाने दुकानदारांच्या आणि लहान कारखानदारांच्या अडचणींवर बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आमचे आयुष्य लातूर-नांदेडच्या मोंढ्यांत आणि दालमिलांत मजुरीसाठी भांडण्यात गेले. मालक हा पलीकडचा पक्ष, हे आम्ही कधी विसरलो नाही. परंतु जेथे सहा माणसे कामाला आहेत आणि मालक स्वतः सातवा होऊन यंत्राशी उभा राहतो, तेथला पलीकडचा पक्ष फारसा दूर नसतो. त्याचे शटर खाली आले की सहा संसार उघड्यावर येतात. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली तेव्हा फाटकाबाहेरचा चहावाला आणि महिन्याच्या उधारीवर किराणा देणारा वाणी यांनाही ती झळ लागलीच.

आमच्याकडची मंदी बहुधा शेतातून येते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके नेली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला नाही की लातूरच्या गंजगोलाईतले कापडाचे दुकान ओस पडते, मग शिंप्याचे मशीन थांबते, मग दालमिलवाला नवी चाळणी घेण्याचे पुढे ढकलतो. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी ही संकटे तेवढी दिल्लीहून आली.

अशा वेळी मदत म्हटली की लोक कर्जाचीच गोष्ट काढतात. टाळेबंदीनंतर मे २०२० मध्ये केंद्र सरकारने तीन लाख कोटी रुपयांच्या तातडीच्या कर्जाची हमी घेतली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जितके कर्ज बाकी असेल त्याच्या वीस टक्के आणखी कर्ज, तारणावाचून. योजना चांगली होती, ती मार्च २०२३ अखेर संपली. तथापि तिची मेख पाहा : ज्याचे बँकेत आधीच कर्ज होते त्यालाच ती लागू. ज्याचा धंदा भिशीवर, पतसंस्थेवर आणि सावकारावर चालला होता, त्याच्या शून्याचे वीस टक्के शून्यच झाले. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी निघालेली स्वनिधी योजना याहून खाली पोहोचली. पहिले कर्ज दहा हजारांचे होते. २०२५ मध्ये ते पंधरा हजार झाले आणि योजनेची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढली. वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात सात टक्के सवलत आहे. भाजीच्या गाड्याला तेवढ्याने हात मिळतो.

पण आमचा अनुभव असा की पुष्कळ लहान कारखानदारांना नव्या कर्जापेक्षा स्वतःचेच पैसे हवे असतात. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत एक जण दालमिलांना लागणाऱ्या चाळण्या आणि पत्र्याच्या कोठ्या करतो. त्याच्या सहा कामगारांचा दोन महिन्यांचा पगार थकला, म्हणून आम्ही जाब विचारायला गेलो. त्याने वाद घातला नाही. वही उघडून पुढे सरकवली. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एकाच मोठ्या खरेदीदाराकडे तीन लाख ऐंशी हजार अकरा महिने अडकलेले! मागत का नाहीस, असे विचारले, तर म्हणाला, "साहेब, मागितले तर पुढचं काम जातंय."

२००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा नेमका याचसाठी आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाने माल दिला, किंवा सेवा दिली, तर लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते झाले पाहिजेत. करारात ९० दिवस लिहून घेतले असले तरी ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. दाद सुविधा परिषदेकडे मागायची, अर्ज घरबसल्या संगणकावरून होतो. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल तर आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. निकाल ९० दिवसांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त दिवस जातात, हे सांगितलेले बरे.

यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, आणि ती माल देण्याच्या आधीची असावी. नंतरच्या नोंदणीवरून न्यायालयांत वाद झाले आहेत. नोंदणीला एक पैसाही लागत नाही. तिच्यासाठी दोन-दोन हजार मोजलेले लोक आम्हांस भेटले आहेत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही जुलै २०२१ पासून ही नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या सोयीपुरती. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही, म्हणून किराणा दुकानदाराने या कायद्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट बँकेची. हप्ता थकला की माणूस बँकेच्या रस्त्याने जाण्याचे टाळतो. साहेब दिसला तर काय सांगू, ही लाजच त्याला बुडवते. ९० दिवस हप्ता थकला की खाते बुडीत वर्गात जाते आणि मग बोलणे अवघड होते. परंतु रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये बँकांना जे नियम घालून दिले, त्यांनुसार आजारी पडू लागलेला लहान उद्योग स्वतः होऊन अर्ज करू शकतो. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाचा उपाय शाखेतच ठरवायचा; त्यावर पंचवीस कोटींपर्यंत बँकेच्या समितीपुढे प्रकरण जाते आणि तीत बाहेरचा जाणकारही असतो. हप्ते पुढे ढकलणे, मुदत वाढवणे हे तेथे मागता येते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी बोलण्याचा उपयोग नसतो, हे आम्ही संपांच्या वाटाघाटींत शिकलो. अर्ज लिहिता येत नसेल तर १९७८ पासून निघालेली जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. तेथे खेटे पडतात, पण जावे.

आणखी एक गोष्ट, जिला कोणी व्यापाऱ्यांची मदत म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची कामे काढली. ती मजुरांसाठी होती. पण आठवड्याची मजुरी हाती पडली की ती बाजारच्या दिवशी मीठ-मिरचीच्या दुकानात जाई. मजुरी कापून मंदी निभावू म्हणणाऱ्या व्यापारी मित्रांशी आमचा वाद येथेच आहे : तुमचे गिऱ्हाईक कोण, ते एकदा मोजा.

त्या चाळणीवाल्याची उद्यम नोंदणी झालेली होती; कर्जाच्या वेळी कोणी तरी करून दिली होती आणि ती कशासाठी हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही दोन रात्री बसून बिले लावली, अर्ज केला. सुनावणीच्या आधीच खरेदीदाराने मुद्दल पाठवले. व्याज याने सोडून दिले. आम्हांस ते पटले नाही, पण धंदा त्याचा. थकलेला पगार साऱ्यांना मिळाला. सहांपैकी दोघे मात्र तोवर चाकणला निघून गेले होते. त्यांचे पैसे घरच्यांनी येऊन नेले.