निरोप्या नातू
(लेखमाला : घरातलं बोलणं, भाग ६)

मागच्या भागात अबोल्याविषयी लिहिलं. अबोला धरलेल्या घरात बोलणं थांबत नाही, ते फक्त आडमार्गाने जातं. ‘सांग तुझ्या आईला, मी जेवून आलोय.’ ‘आजीला विचार, चहा आत्ता हवाय का मग.’ हे निरोप नेणारं माणूस घरातलं सगळ्यात लहान किंवा सगळ्यात गरीब स्वभावाचं असतं. फॅमिली थेरपी, म्हणजे सबंध कुटुंबाला समोर बसवून केलेला उपचार, नेमकं काय करते हे समजून घ्यायला या निरोप्यापासून सुरुवात केलेली बरी.

त्यासाठी उज्जैनला, देवास गेटला जाऊ. एका बाजूला रेल्वे स्टेशन, समोर बसस्टँड, पलीकडे माधव कॉलेज, आणि या सगळ्याच्या मागच्या गल्ल्यांत शिंदेशाहीपासून रुजलेली मराठी घरं. एका घरात दोन भाषा नांदणं इथे नवलाचं नाही. गजानन माधव मुक्तिबोध याच माधव कॉलेजात शिकले आणि हिंदीत लिहिते झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. मी सांगतोय ते घर मात्र अनेक घरांतल्या गोष्टी जुळवून उभं केलं आहे, तेव्हा कुणी पत्ता शोधायला जाऊ नये.

घरात चौघं. आजी, मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू. मुलगा रोज बसने इंदूरला नोकरीला जातो, पंचावन्न किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, रात्री नवाला घरी. सून रतलामची, हिंदी घरातली. लग्न दोघांनी ठरवून केलेलं. सासूला ती ‘मम्मीजी’ म्हणते. ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल मंदिराभोवतीच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचं उद्घाटन झालं, गावात यात्रेकरूंचा लोंढा सुरू झाला आणि गल्लीत एकामागून एक होमस्टेच्या पाट्या लागल्या. या घरानेही वरच्या दोन खोल्या द्यायला काढल्या. मंदिरातली भस्मारती पहाटे चारची. म्हणजे पाहुणे रात्री एक-दीडलाच उठणार, बादल्या वाजणार, जिन्यावर चपला, मग कडी. आजीच्या उशाशीच जिना.

पण हे चौघं डॉक्टरकडे गेले ते होमस्टेच्या भांडणासाठी नाहीच. नातवाच्या पोटात दुखायचं. शाळेच्या दिवशी सकाळी हमखास. सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध झालं, आजीने दृष्टही काढली. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की पोटात काही नाही, पण दुखतंय हे खरं आहे; सगळे मिळून इंदूरला एका थेरपिस्टबाईंना भेटा. मुलाला उपचार हवाय तर आम्ही चौघं कशाला, हा आजीचा पहिला प्रश्न. तो रास्तच होता.

त्याचं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर शोधलं गेलं. तोवर मनाच्या उपचारात रोगी एकटा आत जायचा आणि नातेवाईक बाहेरच्या बाकावर. अमेरिकेत मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात सबंध कुटुंबंच संशोधनासाठी वॉर्डात राहायला आणली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांना तिथे मुक्कामाला ठेवलं. फॅमिली थेरपीच्या परदेशी पुस्तकांत हे तंबू शोधून सापडत नाहीत. आपल्याकडेही ते फार कुणाला माहीत नाहीत, याची मला चीड येते. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि बंगळूरच्या निमहान्स या मनोआरोग्य संस्थेने हीच वाट पक्की केली. घरच्यांना आजाराचं कारण म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता उपचारातले भिडू मानायचं, ही त्या तंबूंची देणगी.

बोवेन यांना जे दिसलं ते देवास गेटच्या घराला तंतोतंत लागू पडतं. दोन माणसांमधला ताण सोसवेनासा झाला की ती तिसऱ्याला ओढून घेतात. तिसरा आला की दोघांना हलकं वाटतं, पण मूळ गोष्ट तिथेच राहते आणि भार तिसऱ्यावर. बोवेन याला त्रिकोण म्हणायचे. आपल्या नातवाच्या वाट्याला असे दोन त्रिकोण आले होते. आजी आणि आई यांच्या मध्ये तो. आई आणि बाबा यांच्या मध्येही तोच. ‘दादी से कह दे, आज ऊपर मेहमान हैं,’ हे हिंदीतून ऐकायचं आणि आजीला मराठीत, जरा मऊ करून सांगायचं. आजीचं उत्तर परत नेताना त्यातला टोमणा काढून टाकायचा. बारा वर्षांचं पोर दिवसभर हे संपादन करत होतं. शाळेत गेलं की मागे घरात कोण कुणाला काय बोलेल, याची धास्ती. पोटात दुखलं की मात्र शाळा चुकते, आजी ओवा देते, आई शेक देते आणि दोघी एकाच खोलीत एकाच कामात असतात. दुखणं ढोंग नव्हतं. घराला ते सोयीचं पडत होतं, एवढंच.

पहिल्या बैठकीत थेरपिस्टबाईंनी पाहिलं की कोण कुठे बसलं. नातू मधल्या खुर्चीत, एका हाताला आजी, दुसऱ्या हाताला आई, आणि बाबा दाराजवळ, हातात मोबाइल. त्यांनी बाबांना आणि नातवाला जागा बदलायला सांगितलं. खुर्च्यांची ही अदलाबदल साल्वादोर मिनुचिन यांच्या पद्धतीतली. अर्जेंटिनात जन्मलेल्या या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर काम केलं आणि १९७४ साली आपली पद्धत पुस्तकात मांडली. घरात काय होतं ते सांगू नका, इथे करून दाखवा, असा त्यांचा आग्रह असे.

मग प्रश्न. ‘काय झालं?’ असं विचारलं की प्रत्येक जण आपली कैफियत मांडतो, म्हणून बाईंनी ते विचारलंच नाही. नातवाला विचारलं, ‘आजी रागावल्या आहेत हे घरात सगळ्यांत आधी कुणाला कळतं?’ तो म्हणाला, ‘आईला.’ ‘कशावरून?’ ‘आई तेव्हा हळू भांडी घासते.’ सुनेने मान वर करून पाहिलं. आजीनेही. आपल्या रागाची सुनेला एवढी जाणीव असते, हे सासूला ठाऊक नव्हतं. तिसऱ्याला दोघांच्या नात्याबद्दल विचारायची ही रीत इटलीतल्या मिलान शहरातल्या गटाची, १९८० च्या सुमाराची. माझ्या मते या सबंध शास्त्रातलं हे सगळ्यात कामाचं हत्यार.

यानंतर बाईंनी आजींना सुनेशी थेट बोलायला सांगितलं. आजींनी बाईंकडे बघत सुरुवात केली, ‘हिला सांगा की...’

‘आजी, त्या इथेच बसल्यात.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. नातू बोलायला पुढे सरकला, बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. मग आजी मोडक्या हिंदीत आणि सून मोडक्या मराठीत, असं काहीबाही सुरू झालं. आणि त्यातून बाहेर आलं ते चपलांबद्दल नव्हतं. आजींना मुलाने सांगितलं होतं की होमस्टेची हौस सुनेची. सुनेला सांगितलं होतं की आईचीच इच्छा आहे, घर रिकामं पडलंय म्हणून. खरं कारण होतं त्याच्या डोक्यावरचं कर्ज, आणि ते त्याने दोघींनाही सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षं दोघी एकमेकींवर रागावल्या होत्या त्या एका तिसऱ्याच गोष्टीपायी.

इथे बहुतेक घरांची अपेक्षा असते की आता बाई बाबांना झापतील. त्यांनी झापलं नाही. कर्ज लपवायची वेळ का आली, या घरात पैशाची अडचण उघड बोलणाऱ्याचं आजवर काय झालं, हे त्यांनी विचारलं. तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढला, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल. आजोबांनीही एक उधारी अशीच लपवली होती, हे आजींनी स्वतः सांगितलं. आपल्याला पंच हवा असतो. थेरपिस्ट पंच होत नाही. त्यामुळे काही घरं दुसऱ्या बैठकीला येतच नाहीत.

हे घर आलं, आठ-नऊ वेळा. पदरात काय पडलं? भस्मारतीच्या पाहुण्यांना आदल्या रात्रीच किल्ली द्यायची आणि त्यांनी मागच्या जिन्याने जायचं. भाड्यातली ठरलेली रक्कम आजींच्या खात्यात, औषधासाठी मागावं लागू नये म्हणून. रविवारी संध्याकाळी तिघा मोठ्यांनी अर्धा तास हिशेबाला बसायचं, नातवाने खेळायला जायचं. आजी अजून कुरकुरतात. पोटदुखी कमी झाली आहे, गेलेली नाही.

या घरात पंचांगंही दोन. त्यातून येणारा श्रावणाचा प्रश्न मात्र गावानेच आधी सोडवून ठेवला होता. सुनेचा हिंदी श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, सासूचा मराठी श्रावण अमावास्येनंतर. पंधरा दिवसांचं अंतर. सुनेचा उपासाचा सोमवार आणि आजींच्या ताटात कांद्याची भाजी, यावरूनही एकदा वाजलं होतं. महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, हिंदी श्रावणात तर निघतेच, पुढे भाद्रपदाच्या वद्य पक्षातही निघते, आणि तो मराठी श्रावणाचाच वद्य पक्ष. दोन्ही पंचांगं सांभाळली जातात. कुणाचं पंचांग खरं, असं सवारी विचारत नाही. हे बाईंच्या खोलीत सुनेने सांगितलं आणि सासू हसली.

बोलण्याच्या सुराचा शरीरावर आणि मनावर परिणाम होतो, याचा पुरावाही आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा ज्या घरांत सतत दोष काढणं, वैरभाव किंवा अति काळजीने गुदमरवणं होतं तिथले रुग्ण परत आजारी पडायचं प्रमाण जास्त निघालं. चंदीगडला डॉ. नरेंद्रनाथ विग आणि सहकाऱ्यांनी तशीच पाहणी केली. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. तिथल्या घरांत असा जाच लंडनपेक्षा बराच कमी आढळला. यावरून आपली कुटुंबसंस्था थोर म्हणून छाती फुगवायची गरज नाही. तिथेही जाचक घरं होतीच.

या शास्त्रावर एक आक्षेप आहे आणि तो मला पटतो. ‘दोष कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा मिळून’ ही भूमिका पोटदुखीला ठीक आहे. मारहाणीला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रीवादी थेरपिस्टांनीच हे बोलून दाखवलं, की मारणारा आणि मार खाणारी यांना एकाच मापाने मोजणं हा न्याय नव्हे. आपल्याकडे सुनेची बाजू आधीच दुबळी; सासू-नवऱ्यासमोर ‘मोकळेपणी बोला’ म्हटलं आणि घरी गेल्यावर त्याचंच उट्टं निघालं, तर उपचार अंगाशी येतो. म्हणून अनुभवी थेरपिस्ट आधी प्रत्येकाला एकेकट्याने भेटतो. हिंसा असेल तिथे एकत्र बैठक घेऊच नये. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मध्य प्रदेशात पोलिसांची परिवार परामर्श केंद्रं आहेत, कुटुंब न्यायालयातही समेटाचा प्रयत्न होतो. त्यांचं काम मोडू घातलेलं घर सावरण्याचं. थेरपी त्याच्या बऱ्याच आधीची पायरी आहे, आणि समेट झालाच पाहिजे असा तिचा हट्ट नसतो. सन्मानाने वेगळं होणंही तिथे निष्पन्न होऊ शकतं.

कुणाकडे जावं? मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअॅट्रिक सोशल वर्कर. कुटुंबांबरोबर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का, हे पहिल्याच फोनवर विचारा. त्यात संकोच नको. जवळपास कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो, मराठीतही बोलता येतं. तो सुरू झाला १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे महाकाल लोकच्या बरोब्बर आदल्या दिवशी. त्याची पाटी मात्र गल्लीत कुणी लावली नाही.

पुढच्या भागात वाटणीविषयी. तोवर घरात एवढं करून पाहा : मुलाच्या हाती निरोप धाडायचा मोह झाला की स्वतः उठून त्या खोलीत जा.